निळ्याशी समेट

प्रवाळांच्या टाकीवर निळे दिवे लावणाऱ्यांना मी बरीच वर्षं नावं ठेवली. उघडपणे ठेवली, न्यू जर्सीतल्या आमच्या रीफवाल्यांच्या बैठकीतसुद्धा, जिथे निम्म्याहून अधिक मंडळी निळ्या पक्षाची होती. आज माझ्या टाकीवरचा दिवा दिवसातला मोठा वेळ निळाच असतो. मित्रांचे टोमणे मारून झाले आहेत, त्यामुळे लपवण्यासारखं काही उरलेलं नाही. पण मत बदललं म्हणजे आधीचं सगळं गुंडाळून ठेवलं असं झालेलं नाही. काय सोडलं आणि काय अजून धरून आहे, ते सांगतो.

ज्यांनी अशी टाकी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडं आधी. समुद्राइतकं खारं पाणी, पंचवीस-सव्वीस अंशांचं तापमान, पाणी सतत खेळतं ठेवणारे पंप आणि खडकांवर चिकटवलेले प्रवाळांचे तुकडे. या तुकड्यांना आम्ही सगळे ‘फ्रॅग’ म्हणतो. प्रवाळ हा प्राणी. पण उथळ समुद्रातल्या बहुतेक प्रवाळांच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाल राहतं, प्रकाशावर साखर तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. मासे दोन दिवस अंधारात काढतील, प्रवाळाचा प्रकाश हिरावला तर तो हळूहळू उपाशी मरतो. त्यामुळे या छंदात दिव्यावरून जेवढी भांडणं होतात तेवढी पाण्यावरूनही होत नाहीत.

माझा राग सुरू झाला तो दुकानांवरून. प्रवाळ विकणारी दुकानं मुद्दाम अंधारी ठेवलेली असतात. टाक्यांवर फक्त निळे-जांभळे दिवे, आणि त्यांच्याखाली हिरवे, शेंदरी, नारिंगी तुकडे असे पेटलेले दिसतात की खिशाकडे हात आपोआप जातो. जाहिरातीतले फोटो तर कॅमेऱ्यापुढे नारिंगी काच धरून काढलेले. दिव्याचा निळेपणा ती काच गाळून टाकते आणि प्रवाळाचं तेज तेवढं मागे उरतं. वर त्यांना ‘होली ग्रेल’ वगैरे नावं. नाव जितकं मोठं तितकी किंमत चढलेली. असाच एक तुकडा मी घेतला होता. घरी माझ्या पांढऱ्या नळ्यांखाली ठेवला तर सरळ तपकिरी, कडेला हिरवटपणाची पुसट छटा. तेव्हापासून निळा दिवा म्हणजे गिऱ्हाईक गटवण्याची युक्ती, असं डोक्यात पक्कं बसलं.

दुसरं कारण मालवणचं. आमचं आजोळ तिकडचं. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास मास्क लावून पाण्यात तोंड घातलं की जे प्रवाळ दिसतात ते तपकिरी, शेवाळी, फिकट पिवळे. कुठेही काही पेटलेलं नसतं. लहानपणापासून पाहिलेला समुद्र हाच आपला पुरावा असतो, आणि माझ्या पुराव्यात निळ्याला जागा नव्हती.

तिसरं कारण विजेचं, आणि ते मला सगळ्यात भक्कम वाटायचं. मी या छंदात आलो तेव्हा टाकीवर मेटल हॅलाइडचे दिवे असत. त्यांच्यावर रंगाचं तापमान केल्विनमध्ये लिहिलेलं असे. ६,५०० म्हणजे पिवळसर पांढरा, १०,००० म्हणजे थंड पांढरा, २०,००० म्हणजे निळा. पेन स्टेट विद्यापीठातले इंजिनियरिंगचे प्राध्यापक संजय जोशी यांनी या दिव्यांच्या वर्णपटाची आणि ताकदीची पद्धतशीर मोजणी करून ती छापली होती. (आडनाव पाहून मी आधी वाचायला घेतली, हे कबूल.) तेवढ्याच वॉटमध्ये पिवळसर दिवे प्रकाशसंश्लेषणाला लागणारा प्रकाश भरपूर देत आणि २०,००० केल्विनचे निळे दिवे बरेच मागे पडत. जपानी बनावटीच्या ६,५०० केल्विनच्या दिव्यांखाली प्रवाळ भराभर वाढतात हे तर तेव्हाच्या प्रत्येक अनुभवी माणसाच्या तोंडी होतं. म्हणजे निळा घ्यायचा तर बिल तेवढंच, वाढ कमी आणि मिळणार काय, तर शोभा. हा हिशेब त्या काळात बरोबर होता आणि आजही त्या दिव्यांपुरता बरोबर आहे.

हिशेब उलटला तो दिवा बदलल्यावर. निळा एलईडी झगमगीत करण्यासाठी इसामू आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, हे अनेकांना ठाऊक असेल. आपल्या घरातल्या पांढऱ्या एलईडीच्या पोटातही बहुतेक वेळा निळाच चिप असतो, हे मात्र आपण विसरतो. त्याच्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर दिलेला असतो. काही निळा प्रकाश तो थर गिळतो आणि पिवळा करून बाहेर सोडतो. दोन्ही मिळून आपल्याला पांढरं दिसतं, आणि या रूपांतरात थोडी ऊर्जा वाया जाते. हॅलाइडच्या जमान्यात निळा महाग होता. एलईडीच्या जमान्यात निळा हा मूळ माल झाला आणि पांढरा त्याच्यापासून केलेला पक्का माल. माझं तिसरं कारण असं कोणी न हरवताच कालबाह्य झालं. तरीही मी एलईडीचा दिवा आणला तेव्हा त्यातली पांढरी वाहिनी, म्हणजे पांढऱ्या चिपांचा वेगळा गट, पूर्ण वर आणि निळी खाली ठेवली. सवयीला कारण लागत नाही.

मत खऱ्या अर्थानं हललं ते मीटरमुळे. आमच्या क्लबात ‘पार मीटर’ भाड्यानं मिळतो. प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारे, म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटरमधले प्रकाशकण दर सेकंदाला एका चौरस मीटरवर किती पडतात ते तो मोजतो. मी आणि एका निळ्या पक्षाच्या मित्रानं तो अर्धा-अर्धा दिवस वापरायचं ठरवलं. त्याची टाकी माझ्या डोळ्याला नेहमी मंद, संध्याकाळी दिवे लावायच्या आधीच्या खोलीसारखी वाटायची. माझी लख्ख. मीटरनं त्याच्या मधल्या खडकावर तीनशेच्या घरातला आकडा दाखवला आणि माझ्याकडे तेवढ्याच खोलीवर त्याच्या जेमतेम निम्मा. मीटर बिघडलाय असं मी म्हटलं. तो म्हणाला, जुन्या मीटरपैकी कित्येक निळा प्रकाश कमीच मोजतात, हा नवा आहे म्हणून निदान खरं सांगतोय.

कारण साधं आहे, फक्त मनावर घ्यायला जड जातं. आपला डोळा सर्वांत जास्त दाद देतो ती ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या पिवळट हिरव्याला. ४५० नॅनोमीटरच्या निळ्याला तो त्याच्या तुलनेत शेकडा चारच्या आसपासच दाद देतो. लक्समीटर आणि मोबाइलमधलं उजेड मोजायचं ॲप हेही माणसाच्याच डोळ्याची नक्कल करतात. म्हणजे टाकीत उजेड किती आहे हे मी इतकी वर्षं ज्या साधनानं ठरवत होतो, ते मुळात प्रवाळासाठी बनलेलंच नव्हतं. एलईडी नवे आले तेव्हा याच चकव्यात पुष्कळांनी प्रवाळ भाजून काढले. निळा दिवा डोळ्याला अंधुक वाटायचा, म्हणून वाढवत न्यायचा, आणि आठवडाभरात तुकडा पांढराफटक.

यानंतर मी वाचायला लागलो. आधी वाचत नव्हतो असं नाही, पण आधी आपल्या बाजूचं वाचायचो.

पाणी प्रकाशाचं काय करतं, याचे आकडे डोळे उघडणारे आहेत. शुद्ध पाण्यात ६५० नॅनोमीटरचा लाल प्रकाश दहा मीटर खाली पोहोचेपर्यंत शेकडा तीन-चार उरतो. त्याच दहा मीटरवर ४५० चा निळा नव्वदच्या आसपास शिल्लक असतो. खऱ्या समुद्रात गाळ, वनस्पतिप्लवक, विकिरण यांमुळे हे आकडे उतरतात, पण स्वच्छ उष्णकटिबंधीय पाण्यात क्रम हाच राहतो. वरून पडतो तो सूर्यप्रकाश पांढरा, हे माझं म्हणणं खरंच होतं. प्रवाळापाशी पोहोचतो तो मात्र समुद्रानं गाळून घेतलेला असतो. माझ्या टाकीत पाणी जेमतेम दोन फूट. ते काहीच गाळत नाही. समुद्र जे काम दहा-पंधरा मीटर पाण्याकडून करून घेतो, ते इथे दिव्यालाच करावं लागतं. मी ‘नैसर्गिक’ म्हणून लावलेला पांढरा प्रकाश म्हणजे ओहोटीच्या रेषेजवळ, गुडघाभर पाण्यातल्या प्रवाळाचा प्रकाश होता. तसे प्रवाळही असतात. पण माझ्या टाकीतले बरेचसे ज्यांचे वंशज आहेत, ते तिथले नव्हेत.

समुद्राच्या निळेपणाचा विचार करताना चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्याकडे जावंच लागतं, आणि त्यात एक मुंबईचा धागा आहे जो मला फार आवडतो. १९२१ च्या उन्हाळ्यात रामन ऑक्सफर्डला विद्यापीठांच्या परिषदेसाठी गेले. परतीचा प्रवास ‘नारकुंडा’ बोटीनं. भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांचं मत असं की खोल समुद्राचा निळा म्हणजे आकाशाचं प्रतिबिंब. रामन डेकवर निकोल प्रिझम घेऊन उभे राहिले आणि पृष्ठभागावरून येणारा आकाशाचा परावर्तित उजेड त्यांनी त्या प्रिझमनं विझवून पाहिला. निळा गेला नाही, उलट अधिक गहिरा दिसला. बोट मुंबई बंदरात लागली आणि सप्टेंबरच्या अखेरीस तिथूनच त्यांनी ‘नेचर’ला पत्र धाडलं. पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात, असं त्यांचं स्पष्टीकरण होतं. आज आपण त्यात पाण्याच्या रेणूंनी लाल प्रकाश शोषण्याचा मोठा वाटा धरतो. पण निळा पाण्याचा स्वतःचा आहे, वरून उसना घेतलेला नाही, ही त्या प्रिझमनं दाखवलेली गोष्ट टिकली. मी मात्र जिद्दीनं रॅलेच्या बाजूला उभा होतो. फरक इतकाच की त्यांना निळा आकाशाचा वाटत होता आणि मला दुकानदाराचा.

आणि मग बोनेअरला गेलो. कॅरिबियनमधलं हे बेट किनाऱ्यावरूनच बुडी मारता येते म्हणून डायव्हरांत प्रसिद्ध आहे. वीस-पंचवीस मीटरवर सगळं निळं-करडं झालेलं असतं. माझ्या लाल पट्ट्याचा रंग केव्हाच काळा झाला होता. तेवढ्यात एका घुमटासारख्या प्रवाळावर नारिंगी दिसलं. टॉर्च बंद होता. जिथे नारिंगी किरण पोहोचतच नाही तिथे नारिंगी दिसतोय, याचा अर्थ तो प्रवाळ वरून आलेला निळा घेऊन त्याचा नारिंगी करून परत देत होता. दुकानातली जी झळाळी मी दिव्याची लबाडी समजत होतो, ती इथे कोणाच्याही दिव्याशिवाय, कोणालाही काही विकायचं नसताना चालू होती. बुडीतून वर आल्यावर मी बराच वेळ कोणाशी बोललो नाही, असं माझी बायको सांगते. मला तरी भूक लागल्याचं आठवतं.

या झळाळीमागे प्रथिनं आहेत आणि त्यांची कथा रसाळ आहे. ओसामू शिमोमुरा यांनी जेलीफिशमधून हिरवं चमकणारं प्रथिन वेगळं केलं ते १९६२ मध्ये. पुढे पेशीच्या आत काय चाललंय ते पाहण्यासाठी ते जगभर वापरलं जाऊ लागलं आणि २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल शिमोमुरा, मार्टिन चॅल्फी आणि रॉजर त्सिएन यांच्यात वाटलं गेलं. पण शास्त्रज्ञांना लाल हवा होता आणि जेलीफिशकडे तो नव्हता. तो सापडला मॉस्कोमध्ये. तिथल्या संशोधकांनी मत्स्यटाकीतले, म्हणजे आमच्यासारख्यांच्या हौसेचेच, प्रवाळ आणि त्यांचे भाऊबंद तपासले आणि १९९९ मध्ये चमकणाऱ्या प्रथिनांचं अख्खं कुटुंब जाहीर केलं. त्यातलं लाल प्रथिन आलं डिस्कोसोमापासून. डिस्कोसोमा म्हणजे आमच्या छंदात ‘मशरूम’ म्हणून नवख्याला फुकट वाटला जाणारा जीव. माझ्याकडे तो होता. मी त्याला कोपऱ्यात टाकला होता.

ही प्रथिनं प्रवाळाच्या कोणत्या कामाची, यावर अजून वाद आहेत आणि एकच उत्तर असेल असं मला वाटत नाही. उथळ पाण्यात ती जास्तीचा प्रकाश अडवून आतल्या शैवालाला सावली देतात, असं २००० मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका प्रसिद्ध लेखाचं म्हणणं. खोल पाण्यात उलटं काम. तिथे निळ्याचा नारिंगी-लाल केला तर तो ऊतींत आतपर्यंत शिरतो आणि खालच्या थरातल्या शैवालापर्यंत पोहोचतो. हे काम साउथॅम्प्टन विद्यापीठातल्या यॉर्ग वीडेनमान आणि सेसिलिया डी’आंजेलो यांच्या गटाचं. याच गटाच्या २००८ च्या एका निबंधानं माझा उरलासुरला विरोध मोडला. प्रवाळ आपली ही रंगप्रथिनं किती तयार करतो हे निळा प्रकाश ठरवतो, असं त्यात दाखवलं आहे. चमकणारी तर सोडाच, न चमकणारी, साधी जांभळी-गुलाबी प्रथिनंसुद्धा निळ्याच्या हुकमावर वाढतात. म्हणजे माझ्या पांढऱ्या नळ्यांखाली तो महागडा तुकडा तपकिरी ‘दिसत’ होता, एवढंच नव्हतं. त्याला रंगीत होण्याचा निरोपच फारसा पोहोचत नव्हता.

शैवालाचं म्हणावं तर तेही निळ्याचंच गिऱ्हाईक. जमिनीवरच्या झाडांत नसलेलं पेरिडिनिन नावाचं रंगद्रव्य त्याच्याकडे असतं. ते निळा आणि निळसर हिरवा प्रकाश पकडतं, म्हणजे जो खाली पोहोचतो नेमका तोच. उलट नुसत्या लाल प्रकाशानं प्रवाळाचं बिनसतं, हे नेदरलँड्समध्ये स्टायलोफोरा जातीवर केलेल्या प्रयोगात २०१४ मध्ये दिसलं.

इतकं सगळं पटल्यावर माणूस सहसा दुसऱ्या टोकाला जातो. मीही काही महिने गेलो. पांढरी वाहिनी जवळजवळ शून्यावर आणली, जांभळी पूर्ण वर. त्याच सुमारास मामा देवगडहून आले होते. संध्याकाळी टाकीसमोर उभे राहून म्हणाले, ‘काय रे ह्यां? टाकी आसा काय ऑर्केस्ट्राचो स्टेज?’ मी त्यांना दहा मीटर खालच्या प्रकाशावर व्याख्यान दिलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘आमी खाली कशाक जातलंव? जाळी वरसून टाकतंव.’

मामांचं बोलणं मला त्या दिवशी विनोद वाटलं. पण त्यात एक खोच होती आणि ती मालवणची होती. ‘समुद्र निळा असतो म्हणून टाकी निळी’ हे जे मी आता छाती ठोकून सांगत होतो, ते कुठल्या समुद्राचं? नील्स येरलोव या स्वीडिश समुद्रशास्त्रज्ञानं समुद्राच्या पाण्याची प्रतवारी केली. त्यात मोकळ्या महासागराच्या प्रती वेगळ्या आणि किनाऱ्याच्या वेगळ्या. किनाऱ्याच्या पाण्यात कुजलेल्या पाचोळ्यातून आलेली विरघळलेली पिवळट द्रव्यं असतात, प्लवक असतं, गाळ असतो. ती निळाच आधी खातात. लाल पाणी खातं, निळा गढूळपणा खातो, मधला हिरवा तेवढा खाली उतरतो. मालवणचं पाणी हिरवं आहे हे कोणत्याही कोळ्याला विचारा. १९८७ मध्ये तिथे सागरी अभयारण्य जाहीर झालं, आणि पोराइट्स, टर्बिनारियासारखे प्रवाळ त्या हिरव्या, पावसाळ्यात तर चिखलट होणाऱ्या पाण्यात राहतात. त्यांना माझा ४५० नॅनोमीटरचा ‘रॉयल ब्लू’ फारसा दिसतच नाही. तिथून पश्चिमेला, विजयदुर्गपासून शंभराहून अधिक किलोमीटर आत गेलं की आंग्रिया बँक लागते. कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं हे बुडालेलं पठार, माथा वीसेक मीटर पाण्याखाली, पाणी नितळ. तिथले प्रवाळ खरे निळ्यात राहणारे. एकाच कोकणासमोर दोन प्रकाश, आणि दोन्हींत प्रवाळ जगतो. तेव्हा निळा हा प्रवाळाचा एकमेव नैसर्गिक प्रकाश आहे, हे निळ्या पक्षाचं ब्रीद मी घेतलेलं नाही. हॅलाइडच्या पिवळसर उजेडात वाढलेले हजारो सुदृढ प्रवाळही मी विसरलेलो नाही.

नुसत्या निळ्याचे तोटे टाकीसमोर रोज बसणाऱ्याला लगेच कळतात. न चमकणारी गुलाबी-जांभळी प्रथिनं पिवळा-नारिंगी प्रकाश शोषून रंग दाखवतात. तो प्रकाशच नसेल तर गुलाबी पोसिलोपोरा मळकट दिसतो. रंग घडवायला निळा आणि पाहायला पांढरा, असा हा उफराटा मामला आहे. पिवळा टँग मासा निळ्याखाली हिरवट आणि आजारी वाटतो. खरी भीती वेगळीच आहे. प्रवाळाची त्वचा तळाकडून सोलत चालली असेल, सांगाड्यावर तपकिरी शेवाळ चढत असेल, तर निळ्याच्या झगमगाटात ते लपतं. टाकी सुंदर दिसत असते आणि तुकडा मरत असतो. म्हणून मी रोज दुपारी दोन-तीन तास पांढरा बऱ्यापैकी वर नेतो, आणि शंका आली तर साधा पांढरा टॉर्च. शिवाय ४०० नॅनोमीटरच्या आसपासच्या जांभळ्या चिपकडे टक लावून बघू नये, हे दिवा साफ करताना मी आता पाळतो. डोळ्याला तो मंद वाटतो म्हणूनच.

चांदण्याचंही एक खूळ आहे. रात्रभर निळा ‘मूनलाइट’ चालू ठेवायचा. चंद्राचा प्रकाश मुळात निळा नसतोच, तो सूर्याचाच परावर्तित, किंचित लालसरच. आणि पौर्णिमेला तो एक लक्सच्याही बराच खाली असतो. टाकीवरचे हे दिवे त्याच्या कितीतरी पट प्रखर असतात. प्रवाळाला इतका अंधुक प्रकाशही कळतो. २००७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ॲक्रोपोरा प्रवाळात चांदण्यातला निळा ओळखणारी क्रिप्टोक्रोम प्रथिनं सापडली. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात जेमी क्रॅग्स यांनी २०१३ मध्ये टाकीतल्या ॲक्रोपोरांकडून ठरवून प्रजनन करवून घेतलं, ते तापमान, दिवसाची लांबी आणि चंद्राच्या कला, सगळं बारकाईनं हुबेहूब ठेवून. म्हणजे रात्रीचा निळा हा प्रवाळासाठी पंचांगाचा भाग आहे, आणि आपण ते पंचांग रोज पौर्णिमेवर अडकवून ठेवतो. माझा मूनलाइट मी काढून टाकला. या एका मुद्द्यावर मी निळ्या पक्षात कधीच नव्हतो आणि पुढेही जाणार नाही.

दुकानांबद्दलचा राग तसाच आहे. फ्रॅग घ्यायला गेलो की मी काउंटरवरच्या मुलाला पांढरा दिवा लावायला सांगतो. काही लावतात, काही तोंड वाकडं करतात. जो लावत नाही त्याच्याकडून घेत नाही. चमक खरी असते हे मला आता माहीत आहे, पण फोटोत ती जितकी दाखवतात तितकी कोणत्याही समुद्रात नसते. आणि हे लिहिताना एक गोष्ट लपवणं बरं नाही. रात्री दिवा मालवण्याआधी अर्धा-पाऊण तास मी टाकीवर नुसता निळा ठेवतो. त्याला प्रवाळाच्या हिताचं कारण नाही. शैवालाला दिवसभराचं खाणं मिळून गेलेलं असतं. तो वेळ माझा असतो, कोपऱ्यातून उचलून पुढे आणलेल्या त्या लाल डिस्कोसोमासकट.

भारतातून हे वाचणाऱ्या कोणाला अशी टाकी करावीशी वाटली तर आधी कायदा पाहावा. कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. मालवणहून दगडाला चिकटलेला एक तुकडा पिशवीत घालून आणणं हाही गुन्हा आहे. पुण्यातल्या भाच्याला हे सांगितल्यावर त्यानं मुकाट्यानं गोड्या पाण्याची, पाणवनस्पतींची टाकी केली. परवा त्याचा फोन आला. माझं निळ्याचं पुराण त्यानं इतकं ऐकलं होतं की वनस्पतींवरही निळाच दिवा घेऊन टाकू का, म्हणून विचारत होता. नको म्हटलं. तुझी झाडं वीतभर पाण्यात वाढणारी, त्यांच्यापर्यंत लाल पोहोचतो आणि ती तो वापरतात. लाल चिप असलेला चांगला पांढरा घे.